धाकटीतली हवा

अहो, धाकटीतली हवा मी सोडून दिली. आधी हेच सांगून टाकते. तुमच्यापासून काही लपवलं की मला झोप येत नाही, आणि तुम्ही गेलात म्हणून ती यायला लागली आहे असं नाही.

माणसं समाचाराला येतात. पडवीत बसतात, चहा नको म्हणतात, मग अर्धा कप घेतात आणि तुमच्याबद्दल चांगलं बोलतात. नौदलात होता, गावाला परतला, कोणाच्या ट्रॉलरच्या पंख्यात जाळं अडकलं की पाण्यात उतरायचा, कोणाचा नांगर हरवला की शोधून द्यायचा. सगळं खरं आहे. मी पदर तोंडाला लावून मान हलवते. पण मला जे बोलायचं आहे ते यांच्याशी बोलून भागणारं नाही. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे. भांडण अर्धवट असलं की मला घास जात नाही हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, तरी तुम्ही ते तसंच टाकून हातखंब्याच्या टपरीवर कायमचे आडवे झालात.

धाकटी घरात आली तो दिवस आठवतो का? मुंबईला जहाजं मोडतात तिथल्या बाजारातून तुम्ही ती आणलीत. जहाजावर आग लागली की धुरात शिरणारा माणूस पाठीला बांधतो तसली हवेची टाकी, दुधाच्या किटलीपेक्षा थोडी उंच, रंगाचे पोपडे निघालेली. पाठीवर बांधायची मोठी टाकी आपल्याकडे होतीच. ही तिच्या कडेला पट्ट्याने आवळायची. हिची तोंडात धरायची नळी वेगळी, हवा किती आहे ते दाखवणारा काटा वेगळा. मी विचारलं, मोठी भरलेली असताना हिचं काय काम? तुम्ही म्हणालात, काही नाही, ही नुसती बरोबर येणार.

शेजारच्या शेवंतीकाकी कुंपणापलीकडून ऐकत होत्या. चार दिवसांत आळीभर झालं की पाणबुड्याने दुसरी केली. तेव्हापासून मोठी ती थोरली आणि ही धाकटी. विहिरीवर बायका मला विचारायच्या, काय गो, धाकटी काय म्हणते? मी सांगायची, गुणाची आहे, खात नाही, पीत नाही, नुसती त्यांच्या कुशीला असते. त्या हसायच्या, मीही हसायची. आणि कळशी घेऊन घराकडे चालायला लागले की हसू मावळायचं. कारण ज्या कामाला एक टाकी पुरत नाही, ते काम किती वाईट असेल, हे मला धाकटी घरात आल्यावर कळलं. तोवर मी निवांत होते. माझं माहेर डोंगरातलं. पाणी म्हणजे विहीर आणि पावसात वाहणारा पऱ्ह्या. समुद्राच्या पोटात माणूस श्वास घेतो हे मी देवळातल्या चमत्कारासारखं ऐकून घेतलं होतं. तुम्ही दुसरी टाकी आणलीत आणि माझा तो भाबडेपणा संपवलात.

मी तुमच्याशी वाद घातला. थोरलीच्या मानेपाशी ती दांडी होती ना, हवा संपत आली, श्वास जड यायला लागला की ओढायची आणि मग राखून ठेवलेली थोडी हवा मिळते? मी म्हटलं, मग हे राखीव आहेच की. तुम्ही म्हणालात, "एकाच हंड्याच्या तळाला ठेवलेलं पाणी राखीव नसतं. हंडा फुटला की दोन्ही गेलं." तुमचं बोलणं पटलं की मला राग यायचा. त्या दिवशीही आला.

मग आपली कामं वाटली गेली. कॉम्प्रेसर परसात, त्याची हवा ओढायची नळी माडाच्या शेंड्यापर्यंत नेलेली, खालचा धूर तिच्यात जाऊ नये म्हणून. लोक तेव्हा माडाला टीव्हीचे अँटेने बांधायला लागले होते. आपली नळी बघून शेवंतीकाकींच्या घरचे पाहुणे रविवारी सिनेमा बघायला आले होते. त्यांना मी चहा पाजून परत पाठवलं. थोरली मी भरायची. इंजिन सुरू करायचं, काटा बघायचा, मधून मधून तोटी उघडून साचलेलं पाणी काढायचं, टाकी फार तापली तर थांबायचं. तुम्ही एकदा शिकवलंत आणि पुन्हा बघायला आला नाहीत. पण धाकटीला मला कधी हात लावू दिला नाहीत. ती तुम्हीच भरायचात. दर कामाआधी, वापरलेली नसली तरी, तिच्यातली सगळी हवा सोडून द्यायचात आणि नवी भरायचात. मी म्हटलं, थोरली माझ्या हातची चालते आणि धाकटी का चालत नाही? तुम्ही म्हणालात, धाकटी माझी आहे. मी फणकाऱ्याने आत गेले. मला वाटलं, तुमचा माझ्यावर पुरता भरवसा नाही.

एकदा माझ्या हातच्या हवेने तुमचं डोकं दुखलं होतं, त्यामुळेच असेल, असंही मला वाटत राहिलं. वारा फिरला होता आणि शेवंतीकाकी वाळक्या पानांचा पातेरा जाळत होत्या. धूर माडाच्या शेंड्यापर्यंत गेला. तुम्ही वर आल्यावर बोटीत ओकलात. घरी येऊन एवढंच म्हणालात की आज हवेला काजूच्या पानांचा वास होता. तुम्ही हसत होतात आणि मी परसात जाऊन कुंपणापलीकडची राख बघून आले. त्या दिवसापासून मी कॉम्प्रेसर सुरू करायच्या आधी चारी बाजूंना फिरून यायची. कोणी चूल पेटवली आहे का, कोणी शेतात कवळाच्या फांद्या जाळतंय का, कोणाची मोटारसायकल धूर सोडत उभी आहे का. आळीत मला वेडी म्हणायचे. म्हणोत. तुमचा श्वास माझ्या परसातून जायचा, त्यांचा नाही.

आणि मग गजा तांडेलाची गोष्ट. तुम्ही त्याच्याच बोटीने कामाला जायचात. ती गोष्ट तुम्ही मला सांगितली नाहीत. मला ती बाजारात मासे घेताना गजाच्या बायकोकडून कळली, आणि पापलेट तिथेच टाकून मी घरी आले.

झालं होतं ते असं. वाटेत गजाचं इंजिन बंद पडलं. डिझेलच्या नळीत कचरा. बोट वाहत खडकाकडे चालली. गजाने इकडेतिकडे बघितलं, त्याला धाकटी दिसली. तुम्ही पुढच्या अंगाला दोर लावत होतात. त्याने धाकटीची नळी डिझेलच्या नळीला धरली, तोटी उघडली, टाकी जवळजवळ रिकामी झाली तेव्हा कचरा उडाला आणि इंजिन चालू झालं. टाकी त्याने जागच्या जागी ठेवली, आणि घरून भरून आणलेली म्हणून तुम्ही काटा पुन्हा बघितला नाहीत. त्याच्या मनात पाप नव्हतं. जास्तीची हवा होती, नुसती पडून होती, कामाला आली. आपल्याकडे पडून असलेली वस्तू कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही असं होतच नाही. शेजारणीची पाटी पडून आहे, आणा. कोणाची ओटी पडून आहे, तिथे गवत टाका. गजानेही तेच केलं, आणि सांगण्यासारखं काही केलं असं त्याला वाटलंच नाही.

तुम्ही ट्रॉलरखाली पंख्यातलं जाळं कापत होतात. जाळ्याचा एक फास थोरलीच्या दांडीत अडकून दांडी केव्हाच खाली ओढली गेली होती. तुम्हाला ते कळलं नाही. श्वास जड झाला तेव्हा तुम्ही दांडीला हात घातलात आणि ती आधीच खाली होती, म्हणजे राखीवही संपली होती. मग धाकटी तोंडात धरलीत. तिने दोन श्वास दिले आणि संपली. त्या दोन श्वासांवर तुम्ही वर आलात.

गजाला तुम्ही शिव्या दिल्या नाहीत. त्याची बायको सांगत होती की दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुम्ही नुसतं म्हणालात, "गजा, ती पडून नाय रे. ती कामावर आहे. काही करत नाय हेच तिचं काम." गजा हादरला. आणि मग त्याने जे केलं ते गजाच करू जाणे. पुढच्या खेपेला तुम्ही बोटीवर गेलात तर बोटीच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, जिथे नारळ ठेवतात तिथे त्याने चौरंग ठोकलेला. तुमच्या हातातून धाकटी घेऊन त्याने तिथे बसवली, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. खंडेनवमीला हत्यारांना हात लावत नाहीत तसं तिला कोणी हात लावायचा नाही असं खलाशांना बजावलं. तुम्ही उतरायच्या वेळी मागितलीत तर देईना. म्हणाला, ती वर राहून राखण करील. शेवटी तुम्ही माळ काढून समुद्रात टाकलीत आणि म्हणालात, "आधी तिचा पंप केलास, आता देव केलास. तिला टाकी राहू दे, बाबा." हे मात्र तुम्ही घरी आल्या आल्या सांगितलंत, आणि आपण दोघं पोट धरून हसलो. हसता हसता मी रडायला लागले तेव्हा तुम्हाला समजेना काय झालं ते.

काय झालं ते मी तेव्हापासून सांगतेच आहे. माझं म्हणणं असं होतं की धाकटी आल्यापासून तुम्ही जास्त वेळ खाली राहता. पूर्वी श्वास थोडा जड झाला की सगळं टाकून वर यायचात. आता कुशीला दुसरी आहे, म्हणून एक गाठ कापू, अजून एक कापू, असं होतं. दुसरा गडी येणार असला की पहिला कोयता हळू चालतो, हे मी माहेरच्या शेतावर बघितलं आहे. तुम्ही म्हणायचात, "धाकटी खाली राहायला नाही, वर यायला आहे." मी म्हणायची, हे तुम्ही वर बसून म्हणता. खाली तुमच्या मनात काय असतं? कितीदा हा वाद झाला असेल आपला. तुम्ही पट्टा शिवत असायचात, मी तांदूळ निवडत असायची. शेवटच्या वेळी तुम्ही दाभण खाली ठेवलंत, माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, पुढच्या वेळी खाली गेलो की बघतो आणि खरं काय ते सांगतो.

मग तुम्ही थोरली तपासून आणायला कोल्हापूरला गेलात. जायच्या आधी धाकटी भरून ठेवलीत, आल्यावर जयगडचं काम होतं म्हणून. येताना ट्रकने हातखंब्यापर्यंत आलात आणि रत्नागिरीच्या गाडीची वाट बघत चहाच्या टपरीवर बसलात. टपरीवाला थोरली घेऊन दहाव्याला आला होता. भला माणूस. त्याने सांगितलं की तुम्ही थोरली मांडीला टेकवून बसला होतात, अर्धा चहा झाला होता, आणि म्हणालात की जरा श्वास लागतोय. त्याने वारा घातला, पाणी दिलं, जीप बोलावली. जीप येईपर्यंत तुम्ही बाकावर आडवे झाला होतात.

डॉक्टर म्हणाले हृदय होतं, हवेचा काही संबंध नाही. मला समजतं. मी सातवी शिकलेली आहे, मला काय समजत नाही? पण धाकटी घरी होती, काठोकाठ भरलेली, पडवीच्या कोपऱ्यात. तुम्ही एवढ्या मोकळ्या रानात, उघड्या आभाळाखाली श्वासासाठी तडफडलात आणि ती इथे कोपऱ्यात उभी होती. हे माझ्या डोक्यातून जात नाही. जाणार नाही. कोणी काही म्हणो.

तेरावं झालं आणि तुमचे धाकटे भाऊ, सदाभाऊजी, आले. तुम्ही दोन हंगाम त्यांना बरोबर नेलंत, खाली उतरवलंत, तुम्हाला येत होतं तेवढं शिकवलंत. जयगडच्या खाडीच्या तोंडाशी बुडालेल्या लाँचचं इंजिन काढायचं काम तुम्ही शब्द देऊन ठेवलेलं. उधाण यायच्या आत ते झालं नाही तर इंजिन वाळूत रुतणार आणि लाँचवाला रस्त्यावर येणार. भाऊजी म्हणाले, दादाचा शब्द हाय, मी उतरतो. मला तुमची भावजय दिसायला लागली, नंदा, तिला आता वाकवत नाही इतकं पोट आलं आहे. त्या खाडीच्या तोंडाला पाण्याची ओढ किती असते ते तुम्हीच मला सांगितलं होतं.

भाऊजींनी थोरली उचलली. धाकटीकडे बघितलं. मग म्हणाले, "ही राहू दे वैनी. दादाची आठवण हाय ती. मला एक पुरे, तिथे फार खोल नाय."

आणि खरं सांगते, मला बरं वाटलं. त्यांच्या जिवाची काळजी बाजूला राहिली आणि मला बरं वाटलं. कारण त्या धाकटीत तुम्ही भरलेली हवा होती. तुमचे कपडे मी देऊन टाकले. तुमच्या उशीचा वास गेला. पण धाकटीचा काटा तुम्ही सोडलात तिथेच होता. घरात आलेली माणसं जेवायला बसली की मी उठून एकदा जाऊन तो काटा बघून यायची. तुम्ही हाताने बंद केलेली तोटी होती ती. एकदा उघडली की तुम्ही केलेलं शेवटचं काम संपणार होतं. मी भाऊजींना म्हटलं, बरं, राहू दे. ते गेले. मी धाकटी पदराने पुसली. तुमच्या फोटोला वाहिलेला हार जरा मोठा होता, त्यातली चार फुलं काढून तिच्यावर ठेवली.

फुलं ठेवल्यावर माझाच हात थांबला. मी काय करते आहे? गजाला हसले होते मी. आणि तिकडे तुमचा धाकटा भाऊ एका टाकीवर खाडीत उतरणार होता.

मी तशीच उठले, पायांत काही न घालता त्यांच्या घरी गेले. तेराव्यानंतर लगेच बाई घराबाहेर पडली म्हणून बघणाऱ्यांनी बघितलं असेल. भाऊजी अंगणात दोर गुंडाळत होते. मी म्हटलं, धाकटी नेणार असाल तर थोरली भरून देते. ते हसले, म्हणाले, वैनी, दादाची सवय होती ती, ओझा होतो, हात अडतात. नंदा दारात येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर रडले असते आणि रडणाऱ्या बाईचं कोणी ऐकत नाही. मी म्हटलं, कॉम्प्रेसर माझ्या परसात आहे. दोन्ही जातील, नाहीतर एकही भरणार नाही. मग लाँचवाल्याला काय सांगायचं ते तुम्ही सांगा.

भाऊजींना राग आला. यायलाच हवा होता. तुमच्या घरातल्या सगळ्यांना मी बोलले की आधी राग येतो. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते थोरली घेऊन परसात आले.

मी थोरली भरली. मग धाकटी पुढ्यात घेतली. एकदा मनात आलं, तशीच द्यावी. काटा भरलेला दाखवतोय, हवा तुमची, भाऊ तुमचा, याहून बरं काय? कोणाला कळणारही नव्हतं. पण दर कामाआधी सोडून नवी भरायची, हा नियम तुमचा होता. तुमची हवा ठेवायची तर तुमचा नियम मोडायचा, नियम पाळायचा तर हवा जाणार. तुम्ही माणसाला कुठे आणून उभं केलंत, बघा.

मी तोटी उघडली. केवढा आवाज झाला! एवढ्याशा टाकीत एवढी हवा असते हे मी इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं. माझ्या हातावर गार लागली. माझा पदर उडाला. मी तिथे बसून होते आणि ती जात होती, संपेचना, आणि मला वाटत होतं आता तोटी बंद करावी, निदान थोडी ठेवावी. भाऊजी पाठमोरे उभे राहिले. मग आवाज बारीक झाला आणि थांबला. मला तुमचा इतका राग आला आणि इतकं रडू आलं की दोन्ही एकाच वेळी बाहेर पडायला वाट मिळेना.

मग मी भरायला बसले. आधी पुन्हा एकदा चारी बाजूंना फिरून आले. शेवंतीकाकींची चूल नुकतीच पेटली होती, त्यांना हात जोडून विझवायला लावली. इंजिनाची दोरी दोनदा हातातून सुटली. आणि काटा वर चढायला लागला तेव्हा मला कळलं, तुम्ही धाकटीला मला हात का लावू देत नव्हतात. थोरलीत काही खोट निघाली तर धाकटी होती. धाकटीत निघाली तर पुढे काही नव्हतं. ती माझ्या हातची असती, आणि तुम्ही वर आला नसतात, तर मी उरलेला जन्म कसा काढला असता? भरवशाचा प्रश्नच नव्हता. तुम्ही ते ओझं माझ्यावर पडू दिलं नाहीत, आणि मी त्यासाठी तुमच्यावर रुसून बसले होते. तुमच्यासारख्या माणसाबरोबर संसार झाला हे माझं भाग्य. हे समोर असताना तुम्हाला एकदाही म्हटलं नाही. तुम्ही मला चिडवलं असतंत म्हणून म्हटलं नाही.

ते ओझं आता माझ्यावर आलं. भाऊजी दोन्ही टाक्या घेऊन गेले. गजाच्या बोटीने निघाले. मी घरात आले आणि मला काही करता येईना. भात लावला, तो करपला. तोटी शेवटी नीट आवळली होती का? आवळली होती. पाणी काढलं होतं का? काढलं होतं. की ते थोरलीचं काढलं होतं आणि धाकटीचं राहिलं? वारा माडाच्या शेंड्याला कोणत्या दिशेचा होता? मी माझा हात नाकाशी धरून वास घेत होते, धुराचा येतो का ते बघायला. नंदा येऊन माझ्याजवळ बसली. तिला वाटलं मी तुमच्या आठवणीने कासावीस झाले आहे. तिने माझा हात धरला. तिला कसं सांगू की तुझ्या नवऱ्याचा श्वास मी भरून दिला आहे आणि तो चांगला भरला की वाईट ते मला माहीत नाही? तुम्ही रोज हे कसं सोसलंत? तुम्ही तर स्वतःसाठी भरायचात. दुसऱ्यासाठी भरून घरी बसणं त्याहून वाईट आहे, अहो.

उन्हं कलली. जयगडहून यायला लागणारा वेळ होऊन गेला. नंदा उठून दारात जायला लागली, परत यायला लागली. मी तिला बस म्हटलं आणि स्वतः उठले.

मग भाऊजी आले. पायवाटेवर दिसले तेव्हा नंदा आत गेली, चुलीपाशी, जसं काही तिने वाट बघितलीच नव्हती. भाऊजींनी दोन्ही टाक्या पडवीत ठेवल्या. काम जवळजवळ झालं म्हणाले, इंजिनाला साखळ्या बसल्या, एक राहिली. चेहरा ओढलेला होता, पण खाऱ्या पाण्यातून आलेल्या माणसाचा तसा असतोच. पाणी प्यायले आणि पायरीवर बसले.

मी धाकटी जागेवर ठेवायला उचलली. सवयीने काट्याकडे बघितलं. काटा खाली पडलेला. तोटी उघडून बघितली. काही नाही. एक फुसकारही नाही.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. मग हळू आवाजात, आत नंदाला ऐकू जाऊ नये अशा बेताने बोलले. शेवटची साखळी बसेना. थोरलीतून श्वास जड यायला लागला, दांडी ओढली. तरी साखळीपाशी थांबले. मग ती राखीव हवाही संपली आणि ते धाकटीवर वर आले. पाण्याच्या ओढीत वर यायचा दोर सापडेना, शोधता शोधता धाकटीतली सगळी वापरली.

मी तोटी बंद केली. माझं पहिलं म्हणणं काय असायला हवं होतं? देवा, आलात. पण माझ्या तोंडून दुसरंच निघालं. आपलं जुनं भांडण निघालं. मी विचारलं, भाऊजी, खरं सांगा. धाकटी कुशीला नसती तर साखळीपाशी थांबला असतात का? की आधीच वर आला असतात?

त्यांनी विचार केला, तुमच्यासारखाच कपाळाला हात लावून.

"माहीत नाय, वैनी," ते म्हणाले. "खाली काय मनात होता ते वर बसून कसा सांगू? पण ती होती म्हणून तू विचारत्येस. नायतर तू कोणाला विचारणार होतीस?"

मी धाकटी जागेवर ठेवली. तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. इतकी वर्षं मी तुम्हाला विचारत होते आणि तुम्ही वेगळंच काही सांगून टाळत होतात. हे उत्तर तुमच्याकडेही होतं, हो ना? ते द्यायचं तर तुम्ही नसलेल्या घरात मी एकटी बसले आहे, असं चित्र तुम्हाला माझ्या डोळ्यांसमोर उभं करावं लागलं असतं, आणि तेवढं करायचं धाडस तुम्हाला झालं नाही.